सलामी-सॉसेजच्या पाकिटावरही इशारा हवा

महोदय,
मांसाहार आणि कर्करोगाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच शाकाहारी विरुद्ध मांसाहारी असा वाद पेटतो आणि कामाचे बाजूला राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, सलामी, बेकन, हॅम अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गटात, टाकले. ठोस पुरावा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा होता. जठराच्या कर्करोगाशीही संबंध आढळला. मटण ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात आहे. रविवारी मटणाच्या दुकानापुढे रांग लावणाऱ्या पुणेकराने घाबरून जावे असे यात काही नाही. पण शिक्षणासाठी इथे खोली घेऊन राहणारी मुले सोय म्हणून रोज सलामी-सॉसेज खातात, त्यांची मला खरोखर काळजी वाटते. हे मांस टिकवायला घातलेल्या नायट्राइटपासून पोटात नायट्रोसामाइन ही घातक संयुगे तयार होऊ शकतात. तंबाखूच्या पुडीवर इशारा असतो, तसा या पाकिटांवरही ठळक मराठीत छापणे सरकारने सक्तीचे करावे.

अर्थात प्रत्येक कर्करोगाचे खापर मांसावर फोडू नये; अन्ननलिकेच्या कर्करोगात तंबाखू आणि दारू ही मोठी कारणे आहेत. गिळताना घास अडकत असेल, तर ॲसिडिटीच्या गोळ्यांवर महिने काढू नयेत. दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी.

– एक वाचक, कोथरूड, पुणे