बॉयलर बदलू नका म्हणणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. "नाव टाकू नका, आधीच रविवारीसुद्धा बॉयलर दुरुस्तीचे फोन येतात," असं तुम्हीच बजावलंय. पण इंग्लंडात स्लाउमधल्या मराठी घरांतून निदान तिघं तरी हे वाचून हसतील, त्यांना नाव सांगायची गरज नाही.

जानेवारीतली ती सकाळ आठवते ना? आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेली. कानटोपी, दोन स्वेटर, वर शाल, आणि तरीही ओव्हनचं दार उघडून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलेली. घर तापवणाऱ्या बॉयलरचा दाबाचा काटा रोज सकाळी शून्यावर. मी रोज खालची ती वेणीसारखी नळी उघडून पाणी भरायचो, काटा दीडवर आणायचो. हीटिंग लावलं की अर्ध्या तासात तोच काटा तीनला टेकायचा, बाहेरच्या भिंतीतल्या तांब्याच्या पाइपातून पाणी ठिबकायचं आणि अंगणात बर्फाचा पापुद्रा धरायचा.

त्याआधी एका कंपनीचा माणूस येऊन गेला होता. त्याने झाकणही उघडलं नाही. "पंधरा वर्षांचा बॉयलर, यात पैसे घालू नका," म्हणाला आणि नव्या बॉयलरचं २,८०० पौंडांचं कोटेशन देऊन गेला, सूट शुक्रवारपर्यंतच. मी हो म्हणणारच होतो. आई कुडकुडत असताना माणूस कशावरही सही करतो.

तुम्ही आलात आणि बॉयलरकडे न बघता आधी विचारलंत, "कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कुठाय?" कपाटावर होता. बटण दाबलंत, आवाज नाही. मागची तारीख दाखवलीत, मुदत संपून तीन वर्षं झालेली. तो वायू दिसत नाही, त्याला वास नाही, हे मला माहीत होतं हो. पण तारीख कोण बघतं? मग खिशातून गॅस सेफचं, म्हणजे गॅसचं काम करायच्या परवान्याचं, कार्ड काढून माझ्या हातात दिलंत. मी "राहू द्या काका" म्हणालो, तर केवढे चिडलात! "ओळखीचा म्हणून कार्ड बघायचं नाही, असं कधी करू नका. मागची बाजू वाचा. कुठलं काम करायची परवानगी आहे ते तिथं लिहिलेलं असतं."

मग झाकण उघडलंत, आतल्या लाल डब्याच्या व्हॉल्व्हची टोपी काढलीत आणि नखाने दाबलंत. सायकलच्या ट्यूबचा असतो तसाच व्हॉल्व्ह. हवेऐवजी पाण्याची काळपट चिळकांडी तुमच्या बाहीवर उडाली. "झालं, पडदा फाटला," म्हणालात, जणू नाडी सापडली. पाणी तापलं की फुगतं, त्याला फुगायला जागा म्हणून एक्सपान्शन व्हेसल. रबरी पडद्याच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. हवाच नसली की दाब तीनवर जातो, सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर सोडतो आणि गार झाल्यावर काटा शून्यावर. मी रोज ताजं पाणी भरत होतो, म्हणजे रोज नवा ऑक्सिजन आत सोडून रेडिएटर आतून गंजवत होतो. ही शाबासकीही तुमच्याकडूनच मिळाली.

मूळ व्हेसल बॉयलरच्या पाठीला, ते काढायचं तर अख्खा बॉयलर भिंतीवरून उतरवायचा. तुम्ही त्या भानगडीत पडलाच नाहीत. कपाटातल्या परतीच्या पाइपाला बाहेरून नवीन व्हेसल जोडलंत, सेफ्टी व्हॉल्व्ह बदललात. सगळे मिळून १९० पौंड, त्यातही चहाचे वजा करा म्हणालात.

"मग बदलायचा कधी?" मी विचारलं. "जाळाची ऊब पाण्याला देणारा हीट एक्स्चेंजर फुटला, नाहीतर सुटे भाग मिळेनासे झाले की. आणि २००५च्या आधीचा असता, तर मीच काढा म्हणालो असतो. हा कंडेन्सिंग आहे, धुरातली ऊब परत घेतो. पण तुम्ही पाणी पंच्याहत्तर अंशांवर ठेवलंय, एवढं गरम, मग तो कसली घेणार?" आणि बटण साठवर आणलंत. घर तेवढंच उबदार राहतं, फक्त तापायला थोडा वेळ लागतो.

आईला मात्र तुमचं काम वेगळ्याच कारणाने पटलं. वाड्यातल्या तांब्याच्या बंबाची मधली नळी गळायला लागली, तेव्हा तांबटाने नळी बदलून दिली होती, बंब नाही. हे तिने सांगितल्यावर इचलकरंजीत मागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होतात ते दिवस तुम्ही काढलेत, आणि तासभर माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पुण्यातले लोक बंब शोभेला दिवाणखान्यात ठेवतात, यावर तुम्हा दोघांचं झालेलं एकमत इथे लिहीत नाही.

मे महिन्यात बसून हीट पंपाचा, म्हणजे बाहेरची ऊब विजेवर घरात ओढणाऱ्या यंत्राचा, हिशेब करू म्हणाला होतात. तो बसवायला सरकारचे ७,५०० पौंड मिळतात, पण आमचे रेडिएटर बारके आहेत, ते मोजायला लागतील. टेप मी आणून ठेवलीय.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे रोज सकाळी गार असताना काटा बघून कालनिर्णयाच्या चौकोनात आकडा लिहितो. आईने कांदा-लसूण चटणीची बरणी तुमच्यासाठी बाजूला काढलीय. ती संपवायचा मोह मला आहे, तेव्हा लवकर या.

आजचा आकडा १.४.

तुमचा,
ओव्हनवाल्या आजींचा मुलगा