बंदी आहेच, पंचनाम्यात मोबाइलची नोंद कधी होणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात ‘वाहन चालवताना मोबाइल वापरण्यावर बंदी असावी का?’ हा प्रश्न चर्चेसाठी देऊन आपण त्यावर आलेली वाचकांची मते छापली आहेत. कोणी बंदी हवीच असे लिहिले आहे, कोणी धंदा-व्यवसाय करणाऱ्यांना ते परवडणार नाही असे म्हटले आहे. मात्र ही बंदी आपल्या देशात केव्हाच लागू झाली आहे, हे त्या मतांमध्ये कुठेही नाही आणि आपल्या टिपणीतही नाही. आपले दैनिक आमच्या घरी वडिलांच्या काळापासून येते, म्हणूनच ही चूक मला अधिक लागली.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 184 मध्ये 2019 साली दुरुस्ती होऊन वाहन चालवताना हातात धरलेला मोबाइल वापरणे हा धोकादायक वाहन चालवण्याचाच प्रकार ठरवण्यात आला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, अथवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, अथवा दोन्ही. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 21 प्रमाणे याच कारणासाठी परवाना निलंबित करता येतो. ऑक्टोबर 2020 पासून सवलत दिली गेली ती केवळ रस्ता शोधण्यापुरती, आणि तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. तेव्हा बंदी असावी की नसावी हा वाद आता शिल्लकच नाही. बंदी असूनही ती अपघाताच्या कागदावर का उमटत नाही, हा खरा प्रश्न आहे आणि तो मी आमच्या घरच्या अनुभवावरून विचारतो आहे.

गेल्या वर्षी श्रावणात माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, कऱ्हाड-विटा रस्त्यालगतच्या आपल्या गावात गिरणीतून दळणाचा डबा घेऊन घरी निघाली होती. रस्ता ओलांडून ती पलीकडच्या पांढऱ्या पट्ट्याच्या आत पोहोचलेली असताना मागून आलेल्या दुचाकीने तिला उडवले. चालवणारा विशीतला मुलगा होता. हेल्मेट नव्हते, मान एका बाजूला कललेली आणि खांदा व कान यांच्यामध्ये मोबाइल दाबून धरलेला, असे समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या सर्वांनी पाहिले. धडकेनंतर तो मोबाइल गटाराच्या कडेला जाऊन पडला आणि कॉल तसाच चालू राहिला. टपरीच्या मालकांनी तो उचलून कानाला लावला, तेव्हा पलीकडून त्या मुलाची आई ‘अरे, ऐकू येईना, कुठपर्यंत आलास?’ असे विचारत होती. मुलाचा अपघात झाल्याचे त्या माउलीला या गृहस्थांनीच सांगितले.

अक्काच्या डाव्या मांडीचे हाड मोडले, त्यात रॉड घालावा लागला आणि आजही तिला वॉकरवाचून उंबरा ओलांडता येत नाही. शेतात भांगलणीला जाणारी, चार गुरांची वैरण एकटी आणणारी बाई आता ओसरीवर बसून असते.

पंचनाम्याची प्रत मी स्वतः वाचली आहे. दुचाकीचा डावा आरसा फुटलेला, पुढचे मडगार्ड चेपलेले, हेडलाइटची काच तडकलेली, डांबरावर घासल्याची खूण आणि तिची फुटांतली लांबी, रस्त्याची रुंदी, साइडपट्टीवर सांडलेले पीठ, पत्र्याचा डबा, अक्काची बंद तुटलेली चप्पल, हे सारे त्यात व्यवस्थित लिहिलेले आहे. मोबाइल मात्र त्यात कुठेही नाही. टपरीच्या मालकांनी जबाबात कॉल चालू असल्याचे सांगितले होते, हे ते आजही शपथेवर सांगायला तयार आहेत. पण कागदावर त्यांच्या तोंडी ‘दुचाकीस्वार भरधाव वेगाने व हयगयीने आला’ एवढेच वाक्य आले आहे. भारतीय न्याय संहितेची कलमे 281 (बेदरकारपणे वाहन चालवणे) आणि 125 (दुसऱ्याचा जीव वा सुरक्षितता धोक्यात आणणे) लावली गेली, कलम 184 लावले गेले, आणि प्रकरण मार्गी लागले असे आम्हाला सांगण्यात आले. मी तपासी अंमलदारांना भेटून मोबाइलबद्दल विचारले. त्यांचे उत्तर असे होते : ‘बोलत होता हे सिद्ध कसं करणार? आणि कलम तेच लागतंय, तुम्हाला काय फरक पडतो?’

फरक काय पडतो, ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेल्यावर आम्हाला कळले. विमा कंपनीने लेखी म्हणणे दिले की पादचारी महिला दोन्ही बाजूंना न पाहता अचानक रस्त्यात आली, सबब अपघातास तीही तितकीच जबाबदार आहे. हे म्हणणे मान्य झाले तर तेवढ्या प्रमाणात भरपाई कापली जाईल. चालक त्या क्षणी फोनवर बोलत होता ही एक ओळ पंचनाम्यात असती, तर दोष कोणाचा याबद्दल अक्काला म्हातारपणी आपली बाजू मांडत बसावे लागले नसते. ज्या बाईला मागून येऊन उडवले, तिनेच पुढे नीट पाहिले नाही असे लिहून देण्याची हिंमत केवळ त्या ओळीच्या अभावामुळे झाली, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि सिद्ध करता येत नाही, हे खरे नाही. प्रत्येक कॉलची वेळ आणि कालावधी दूरसंचार कंपनीकडे नोंदलेला असतो आणि त्या नोंदी त्यांना किमान दोन वर्षे जपून ठेवाव्या लागतात. पोलीस अधीक्षक कार्यालयामार्फत त्या तपासासाठी मागवता येतात. चोरी, मारामारी, फसवणूक यांच्या तपासात त्या नेहमी मागवल्याही जातात. अपघाताची वेळ फिर्यादीत असते, रुग्णवाहिकेला केलेल्या फोनची वेळ असते. या वेळा शेजारी ठेवून पाहिल्या की निदान साध्या कॉलपुरता उलगडा होतो. इंटरनेटवरून केलेल्या कॉलसाठी थोडी अधिक खटपट करावी लागेल, ती करावी. माणसाचे हाड मोडले असेल किंवा जीव गेला असेल, अशा प्रत्येक अपघातात चालकाच्या मोबाइलची नोंद तपासणे पोलिसांवर बंधनकारक करावे, एवढीच माझी मागणी आहे.

हे होत नसल्यामुळेच सरकारी आकडेही आपल्याला खरे चित्र दाखवत नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली. त्यांपैकी सुमारे 70 टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात जमा आहेत आणि मोबाइलच्या खात्यात जेमतेम 2 टक्के. ज्या देशात कुठल्याही चौकात पाच मिनिटे उभे राहिले तर मान वाकडी करून जाणारे स्वार दिसतात, तेथे हा आकडा पटण्यासारखा नाही. अक्काचा अपघातही ‘भरधाव’ म्हणूनच मोजला गेला असणार. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. स्क्रीनवर कोणाचे नाव आले हे पाहण्यात तीन सेकंद गेले, तर 50 मीटर रस्ता न पाहताच कापला जातो. अशा वेळी वेग हे अपघाताचे एकमेव कारण कसे म्हणता येईल?

पुरावा समोर आला की कारवाई किती झटपट होते, हेही आपण पाहिले आहे. मार्च 2025 मध्ये दादर-स्वारगेट मार्गावरील एसटीच्या ई-शिवनेरी बसचा चालक गाडी चालवताना मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत होता. एका प्रवाशाने त्याचे चित्रीकरण करून वरपर्यंत पाठवले, तेव्हा त्या चालकाला कामावरून काढण्यात आले आणि गाडी पुरवणाऱ्या खासगी कंपनीला दंड झाला. त्या प्रवाशाचे मी मनापासून कौतुक करतो. परंतु दळण घेऊन घरी निघालेल्या बाईने चित्रीकरण कसे करावे? तिच्या वाट्याचा पुरावा गोळा करण्याचे काम सरकारी पगार घेणाऱ्यांचे आहे.

आपण छापलेल्या एका मतात हॅण्ड्सफ्री वापरले की काही धोका नाही असे म्हटले आहे. ते चूक आहे. फोनवर बोलणाऱ्या चालकाकडून अपघात होण्याची शक्यता साधारण चौपट असते आणि हॅण्ड्सफ्रीने ती फारशी कमी होत नाही, हे जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षे सांगत आली आहे. आपला कायदा हातातल्या फोनपाशीच थांबतो, ही त्याची उणीव आहे. एसटी, शाळेच्या गाड्या आणि वडाप (खासगी प्रवासी जीप) यांच्या चालकांना तरी ही पळवाट मुळीच ठेवू नये.

त्या मुलाच्या आईवर माझा राग नाही. पण पोरगा गाडीवर आहे हे ठाऊक असताना ‘कुठपर्यंत आलास?’ म्हणून फोन करणारे आपण सारेच आहोत. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवाल्याला दर पंधरा मिनिटांनी ‘कुठं पोचला?’ म्हणून विचारणारे मुकादम आणि पार्सल पोहोचवणाऱ्या पोरांना गाडी चालू असतानाच पुढची ऑर्डर स्वीकारायला लावणाऱ्या कंपन्या यांना तर यात जबाबदार धरलेच पाहिजे. चालकाला फोन करणारा जर त्याचा मालक असेल, तर दंडाची पावती मालकाच्याही नावे फाटावी.

शेवटी आपल्या दैनिकाबद्दल. ज्या अंकात आपण ही चर्चा छापली, त्याच अंकात पानभर जाहिरात आहे ती चालकासमोर भलामोठा पडदा बसवलेल्या मोटारीची, आणि त्या पडद्यावर चित्रपट चालू असलेला दाखवला आहे. अशी जाहिरात घेताना संपादक विभागाने जाहिरात विभागाला दोन शब्द सुनवायला हवे होते. तसेच जिल्हा पानावर रोज येणाऱ्या अपघाताच्या बातम्यांत चालकाचा ताबा सुटला एवढेच लिहिलेले असते; तो कशामुळे सुटला हे आपले वार्ताहर पोलीस ठाण्यात विचारत नाहीत. चालकाचा मोबाइल तपासला का आणि तपासला नसेल तर का नाही, हा प्रश्न त्यांनी प्रत्येक अपघातानंतर विचारावा व मिळालेले उत्तर, ठाण्याच्या नावासह, बातमीत छापावे, अशी आपणांस आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक,
कऱ्हाड, जि. सातारा