पॅरालीगल प्रमाणपत्र : फी भरण्याआधी विचारा

बारावीचा निकाल लागला की नागपुरात पॅरालीगल (कायद्याच्या कामातला सहायक) प्रमाणपत्राच्या जाहिराती दिसू लागतात. माझ्या भाचीनेही परवा माहितीपत्रक आणलं. फी हजारोंत, आणि ‘कोर्टात करिअर’ हे शब्द ठळक. पण अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार वकिली करण्याचा हक्क सनदधारक, म्हणजे वकिलीचा परवाना असलेल्या वकिलांनाच आहे. हे प्रमाणपत्र घेऊन कोर्टात पक्षकाराची बाजू मांडता येत नाही, ही गोष्ट पालकांना प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट सांगायला हवी.

मग उपयोग कशाला? वकिलांच्या कार्यालयात, बँकांच्या वसुली विभागात, कंपन्यांच्या करारांच्या कामात. तिथे मराठी-इंग्रजी टायपिंग, ई-फायलिंग, मसुदा नीट लिहिणं येतं का, हे आधी पाहतात. सिव्हिल लाइन्समध्ये हायकोर्टाचं खंडपीठ आहे, जिल्हा न्यायालय आहे; एखाद्या वकिलांकडे महिनाभर बसून काम पाहिलं तर फी भरायची की नाही ते आपोआप कळेल.

समाजकार्याची ओढ असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवकांना प्रशिक्षण देतं, तेही फुकट. मानधन कामाच्या दिवसापुरतं मिळतं, ती नोकरी नाही.

आणि वकीलच व्हायचं असेल तर पैसे एलएलबीसाठी राखावेत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सर्वसाधारण गटासाठी सनदेची नोंदणी फी ७५० रुपयांपुरती ठेवायला सांगितलं आहे. वर्गचालकांनी मागच्या तुकडीतल्या किती जणांना काम मिळालं, ते माहितीपत्रकात लेखी छापावं.

– एक पालक, नंदनवन, नागपूर