‘घराण्याचं दुखणं’ म्हणून सोसू नका

संपादक महोदय,

आमच्या अमळनेरकडे पाठीचा कणा आखडवणारा संधिवात ‘घराण्यातलाच’ म्हणून तरुण पोरं मुकाट सोसतात; सोयरिकीच्या भीतीने लपवतातही. प्रयोगशाळेतल्या उंदरांत या संधिवाताशी जोडलेला एचएलए-बी२७ हा मानवी जनुक घातला, की त्यांची आतडी नि सांधे सुजतात. पण १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या अशाच उंदरांना ही सूज आली नाही. जनुक तोच, परिसर वेगळा! हा जनुक असणाऱ्या बहुतेक माणसांनाही हा आजार होत नाही. सकाळी आखडलेली कंबर हालचालीने मोकळी होत असेल आणि हे तीन महिन्यांहून जास्त चालले असेल, तर तपासणी कराच. खान्देशातल्या प्रत्येक तालुका रुग्णालयात ठरलेल्या दिवशी संधिवाततज्ज्ञ मिळावेत, ही कळकळीची मागणी.

– एक शिक्षिका, अमळनेर