पैलवान, ते हेडर अजून मागवू नकोस

ट्रॉय, मिशिगन

प्रिय पैलवान,

तुझा निरोप मिळाला, फोटोही बघितले. गिऱ्हाइकाची मस्टँग झक्कास आहे आणि मालक भलताच उतावीळ दिसतोय. अमेरिकेतून लाँग ट्यूब हेडर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारे लांब, वेगवेगळे पाईप मागवायचे, उद्यमनगरात तुझ्याकडं बसवायचे, आणि पुढच्या महिन्यात पुण्याच्या हायवेवर मित्रांना दाखवायचे, असा त्याचा बेत. तू विचारतोस, पिकअप किती वाढेल आणि एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का. फोनवर हे निम्मंच बोलून होईल, म्हणून लिहितोय. माझ्या कॉर्वेटला मी नुकतेच हेडर चढवलेत, त्यामुळं विषय ताजा आहे.

सगळ्यात आधी मुद्द्याचं. इथला माल तिकडच्या मस्टँगला बसेल असं धरून एक रुपयासुद्धा भरू नकोस. इथल्या गाडीचं स्टीअरिंग डावीकडं, तर २०१६ पासून भारतात आली ती मस्टँग उजवीकडची. म्हणजे तुझ्याकडच्या गाडीत स्टीअरिंगचा शाफ्ट इंजिनाच्या उजव्या बँकेशेजारून, म्हणजे चार सिलिंडरच्या उजव्या रांगेशेजारून खाली उतरतो, आणि नेमक्या त्याच मोकळ्या जागेतून इथले हेडर बनवणारे आपले चार पाईप नेतात. पेटी उघडशील, पाईप आरशासारखे चमकत असतील, आणि ते शाफ्टला जाऊन टेकतील. ऑस्ट्रेलियात मस्टँग उजव्या स्टीअरिंगचीच विकली जाते, तिकडचे लोक त्या गाडीसाठी वेगळे हेडर बनवतात. मागवायचेच असतील तर तसले बघ. नाहीतर सरळ तूच बनव, त्याबद्दल पुढं लिहितो.

आता पिकअपचं. कॉलेजात असताना तू आरएक्स १०० च्या एक्स्पान्शन चेंबरवर (टू स्ट्रोकच्या फुगीर सायलेन्सरवर) जे जीव काढून प्रयोग करायचास, त्यातलंच शास्त्र इथं आहे, फक्त फोर स्ट्रोकमध्ये. झडप उघडली की जळका वायू दाबाची लाट घेऊन पाईपात घुसतो. चार पाईप जिथं एकत्र येतात त्या कलेक्टरपाशी लाटेला अचानक मोठी जागा मिळते आणि तिथून ती उलटी फिरते, पण आता ती ओढीची लाट झालेली असते. एक्झॉस्टची झडप मिटता मिटता आणि इनटेकची उघडता उघडता, दोन्ही किंचित उघड्या असताना ही ओढ परत पोचली तर उरलासुरला धूर निघून जातो आणि ताजी हवा आत यायला मदत होते. सगळा खेळ वेळेचा. ६००० आरपीएमला क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. तापलेल्या धुरात आवाजाचा वेग सेकंदाला ५५० मीटरच्या आसपास धर. पाईप ८० सेंटिमीटरचा असेल तर लाटेला जाऊन यायला तीन मिलिसेकंदांहून थोडं कमी लागतं, म्हणजे तोवर क्रँक शंभरेक अंश पुढं गेला. पाईप आखूड केलास की हा फायदा वरच्या आरपीएमला सरकतो, लांब केलास की खाली येतो. शॉर्टी, म्हणजे आखूड पाईपांचे हेडर बसवायला सोपे असतात, पण त्यांचा फायदा असा सरकत सरकत इंजिनाच्या रेडलाइनच्याही (कमाल आरपीएमच्याही) पलीकडं जातो. माझ्या मते शॉर्टीवर पैसे घालण्यापेक्षा चांगले टायर घ्यावेत.

व्ही-८ मध्ये आणखी एक भानगड आहे. माझ्या कॉर्वेटच्या एलएस३ इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-८-७-२-६-५-४-३. डावीकडच्या बँकेत १, ३, ५, ७. कागदावर मांडून बघ: ३ नंतर लगेच ९० अंशांवर १ नंबर पेटतो, बाकीच्यांत १८० किंवा २७० चं अंतर. उजव्या बँकेत तसंच २ आणि ६ चं. म्हणजे कंपनीच्या तोकड्या मॅनिफोल्डमध्ये (हेडरच्या जागी मुळात असलेल्या जोडनळीत) ३ ची झडप उघडीच असते तोवर १ चा धक्का येऊन तिच्यावर आदळतो. लांब आणि वेगळे पाईप दिले की या दोघांचं भांडण मिटतं. अमेरिकन व्ही-८ चा तो गडगडाटही याच विस्कळीत तालामुळं येतो बरं का. तुझ्या गिऱ्हाइकाला बहुधा पॉवरपेक्षा तोच हवाय.

माझी गाडी २००८ ची, ६.२ लिटर, कंपनीचा आकडा ४३० अश्वशक्ती. मी पाईप घेतले दोन इंचाला एक सूत कमी अशा व्यासाचे, कारण पुढं कॅम (झडपा उघडमिट करणारा दांडा) बदलायचा डाव आहे. कॅमला हात लावायचा नसेल तर पावणेदोन इंची पुरे. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, मागच्या चाकांपाशी आधी ३७५ भरले होते, हेडर बसवून ट्यूनिंग (इंजिनाच्या कॉम्प्युटरची जुळणी) केल्यावर ३९८. या गाड्यांना साधारण वीस ते तीसच वाढतात, जाहिराती काही का म्हणेनात. एलएस३ च्या मूळ कॅममध्ये दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या राहण्याचा काळ फार थोडा, त्यामुळं ती ओढीची लाट दारातूनच परत जाते. खरी मजा कॅमबरोबर येईल.

बसवण्याचं काम अवघड नाही, पण चिवट आहे. आधी बॅटरी सोडायची, कारण स्टार्टरची केबल कायम जिवंत असते आणि पाना तिला टेकला तर दिवाळी. कॉर्वेटची गंमत म्हणजे तिचे दरवाजे विजेवर उघडतात. बॅटरी काढून दार लावून घेतलंस तर बाहेर उभा राहून टाळ वाजव. आतून उघडायला सीटशेजारी खाली एक कडी दिलेली आहे, पण त्यासाठी आधी आत असायला पाहिजे! काच खाली करूनच मी कामाला लागलो. मग गाडी जितकी उंच जाईल तितकी उंच स्टँडवर. जॅक भलत्या जागी लावला तर बाजूचा फायबरचा पत्रा तडकतो. प्लग, प्लगवायरी, चारही ऑक्सिजन सेन्सर, उजवीकडची डिपस्टिकची नळी, हे सगळं बाहेर. कंपनीचे मॅनिफोल्ड काढायच्या आदल्या रात्री बोल्टांवर तेल मारून ठेवलं होतं. इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्या मिठानं खालचा एकेक बोल्ट गंजलेला असतो, आणि हेड ॲल्युमिनियमचं. घाई केलीस तर आटे हातात येतात.

सगळ्यात मागचा, फायरवॉलकडचा (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडचा) बोल्ट काय चीज आहे ते सांगतो. तो दिसत नाही. खालून हात घातला की कोपर स्टीअरिंगच्या शाफ्टला अडतं, वरून घातला तर मनगट कॉइलच्या पट्टीला. शेवटी दोन बोटांच्या पेरांत बोल्ट धरला, डोळे मिटले, आणि नुसत्या स्पर्शानं भोक शोधलं. बोल्ट आधी उलटा फिरवायचा, टक् असं जाणवतं, म्हणजे आटा आट्यावर बसला. मग सुलटा. बोटांनी जाईल तिथवर पाना लावायचाच नाही. सगळे बोल्ट असे हातानं लागल्यावर मधून बाहेरच्या बाजूला कसत जायचं, पहिल्या फेरीत १५ न्यूटन मीटर, दुसऱ्या फेरीत २५. एवढंच. आपल्याकडची "अजून अर्धा फेर मार" ही सवय इथं विसर. पेटीबरोबर आलेलं कागदी गॅस्केट मी फेकून दिलं आणि कंपनीचं स्टीलच्या थरांचं लावलं. इंजिन चार वेळा तापून गार झालं की बोल्ट पुन्हा बघायचे.

गॅस्केटबद्दल एवढा घोळ घालतोय त्याला कारण आहे. सेन्सरच्या अलीकडं बारीकशी जरी गळती राहिली तर दोन धक्क्यांच्या मध्ये पाईप बाहेरची हवा आत ओढतो. सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो, आणि तू बसतोस इंजेक्टर तपासत. सुरुवातीचा धूर बघून घाबरू नकोस, तो पाईपावरच्या तेलाचा असतो. ते तेल आधी ॲसिटोननं पुसून टाक, नाहीतर तुझ्या बोटांचे ठसे स्टीलवर कायमचे भाजले जातात. आणि क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर वापरून त्यावर वेल्डिंग तर अजिबात करू नकोस, विषारी वायू होतो.

मस्टँगमध्ये काही गोष्टी सोप्या आहेत. कॉइल प्लगच्या डोक्यावरच बसतात, प्लग हेडच्या मधोमध, त्यामुळं वायरी भाजण्याची कटकट नाही. माझ्याकडं प्लगवायरीच्या प्रत्येक बूटला (टोकाच्या टोपीला) उष्णतेपासून वाचवणारा मोजा घालावा लागला. पण त्या इंजिनाचे इथले मूळ मॅनिफोल्डच पाईपांचे, बऱ्यापैकी शहाण्या माणसानं बनवलेले आहेत. तुझ्याकडच्या गाडीतही तसेच असतील तर वाढ आणखी कमी धर. आणि इंजिनाचे माउंट सोडून ते थोडं वर उचलावं लागेल. स्टीअरिंगचा शाफ्ट सोडवलास तर आधी चाक पट्ट्यानं बांधून ठेव. ते मोकळं फिरलं की आतली एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग तुटते.

तू बनवणार असशील तर मला आनंदच आहे. तीन सुती फ्लँज (इंजिनाला आवळायची जाड पट्टी) लेसरवर कापून घे, ३०४ ग्रेडचे मँड्रेलवर वाकवलेले बेंड आण, म्हणजे वळणावर पाईप चेपत नाही. गाडीवरच तुकडे टॅक करून (वेल्डिंगचे बारीक टाके घालून) जुळव, शाफ्टपासून बोटभर जागा सोड, कारण इंजिन झटक्यासरशी हलतं आणि पाईप तापून वाढतो. पक्कं वेल्डिंग करताना फ्लँज जाड प्लेटला आवळून ठेव, नाहीतर तो केळ्यासारखा वाकेल. आर्गॉन पाईपाच्या आतूनही सोड. चारही पाईपांची लांबी तंतोतंत सारखी करण्याच्या नादात मात्र पडू नकोस. पाच सेंटिमीटरचा फरक कोणाला कळत नाही, पण त्यासाठी घातलेली उलटीसुलटी वळणं जागा खातात.

राहिला कायदा. लाँग ट्यूब बसवले की धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मूळ जागेवर राहूच शकत नाही. इथं केंद्राच्या स्वच्छ हवेच्या कायद्यानं रस्त्यावरच्या गाडीचा कन्व्हर्टर काढायला बंदी आहे, कॅलिफोर्नियात तर मंजुरीचा क्रमांक नसलेला पार्ट तपासणीत पकडतात. मिशिगनमध्ये धुराची तपासणीच होत नाही, म्हणून अर्धं गाव निर्धास्त. मी कलेक्टरच्या मागं हाय-फ्लो कन्व्हर्टर घातलेत. कायद्याच्या काटेकोर नजरेत तेही बसत नाही, पण बिनकन्व्हर्टरच्या गाडीमागं सिग्नलला उभं राहिलास तर डोळे चुरचुरतात, आणि माझ्या शेजाऱ्याचं पोरगं लहान आहे. तुमच्याकडं पोलीस बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोडरोलर फिरवतात. मस्टँगवाल्याचे हेडर बॉनेटखाली असल्यामुळं वाचतील, पण आवाज लपत नाही. त्याला हे स्पष्ट सांग, आणि मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफाराबद्दलचं ५२ वं कलमही दाखव. मग म्हणाला "तरी कर", तर निर्णय तुझा. मी तुझ्या जागी असतो तर गाडी फक्त ट्रॅकवर नेणार असेल तरच हात लावला असता. नुसता आवाज हवा असेल त्याला मागचे मफलर बदलून दे. खर्च कमी, आणि नको झाले तर एका दुपारी जुने परत लावता येतात.

ट्यूनिंगशिवाय गाडी ताब्यात देऊ नकोस, एवढं मात्र नक्की. मागच्या सेन्सरचे पी०४२० आणि पी०४३० हे कोड (कन्व्हर्टर नीट काम करत नाही अशी तक्रार) येतील, ते दाबून टाकणं म्हणजे ट्यूनिंग नव्हे. वाइडबँड (मिश्रण नेमकं मोजणारा सेन्सर) लावून पूर्ण थ्रॉटलचं मिश्रण बघणारा माणूस पुण्यात गाठ.

आता तू एवढं कर. गाडी उचलून उजव्या बँकेच्या फ्लँजपासून शाफ्टपर्यंतचं अंतर तीन ठिकाणी मोज, टेप दिसेल असे फोटो काढ आणि पाठव. मी इथल्या एका फॅब्रिकेटरला दाखवून पाईप कुठून काढता येतील ते विचारतो. फोन करायचा तर तुझ्या संध्याकाळी सहानंतर कर, तेव्हा इथं सकाळचे साडेआठ झालेले असतात आणि मी कामावर निघालेलो असतो. गाडीत आवाज फार आहे, त्यामुळं जरा ओरडून बोल.

काकूंना नमस्कार, वहिनींनाही. पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
मिशिगनकर