रंगवलेल्या भिंतींवरून शाळा कळत नाही

संपादक महोदय,

आमच्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेची पारख अजून रंगवलेल्या भिंती आणि कमानीवरूनच होते. मी मात्र तिसरीच्या पोराला न शिकवलेलं पान वाचायला देतो. तिसरीअखेर समजून वाचता यावं, हेच केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या वाचन-गणिताच्या अभियानाचंही उद्दिष्ट आहे. शाळा बघायची तर दिवाळीनंतर बघा. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर किती लेकरं उरली, हे हजेरीपटापेक्षा रिकामी जागा खरं सांगते. (खिचडीही चाखा!) शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक हवेत. आमच्या शाळेत ते आहेत, पण सह्यांपुरते. बैठक होत नाही, सह्यांची वहीच घरोघरी फिरते. पुढच्या बैठकीला मी जाऊन बसणार आहे.

– एक पालक, जि. बीड