उंट सुईतूनच जाऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लेंटनिमित्त (ईस्टरआधीचा उपवासकाळ) आलेला लेख वाचला. जेरुसलेमच्या तटाला ‘सुईचे नेढे’ नावाचा एक ठेंगणा दरवाजा होता, पाठीवरचे ओझे उतरवून गुडघे टेकले की उंट त्यातून आत जात असे, आणि ‘श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे’ हे येशूचे वचन (मत्तय १९:२४) त्या दरवाजाला धरून आहे, असे त्यात ठामपणे लिहिले आहे. असा दरवाजा नव्हता. निदान तो असल्याचा कसलाही पुरावा आजवर सापडलेला नाही.

मी शिवणकाम करते. एकोणतीस वर्षे ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. त्यामुळे सुईचा विषय निघाला की माझे कान टवकारतात. हा दरवाजा मी पहिल्यांदा ऐकला तो आमच्या चर्चमध्ये आलेल्या एका पाहुण्या उपदेशकांच्या तोंडून. इमारत निधीचा रविवार होता, पुढच्या बाकावर मोठे देणगीदार बसले होते. “आपल्या वाड्यांना दिंडी दरवाजा असतो ना, अगदी तसाच,” असे म्हणून ते स्वतः थोडे वाकूनही दाखवते झाले. पुढच्या बाकावर हायसे वाटल्याचे मला मागून दिसले. भक्ती संपल्यावर मी विचारले, “साहेब, हे कुठल्या पुस्तकात आहे?” ते हसले. “ताई, तुम्ही ब्लाउजचं बघा, वचनाचं आम्ही बघतो.”

मी गप्प बसले, पण विसरले नाही. माझा भाचा पुण्याला ईश्वरविज्ञान शिकतो. सुट्टीत आला तेव्हा त्याच्याकडे ग्रीक नवा करार होता. वर मजकूर आणि प्रत्येक पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत कुठल्या हस्तलिखितात काय वेगळे आहे याच्या नोंदी. मशीनवर काम मांडून ठेवून मी त्याच्याकडून ते एक वचन शब्दाशब्दाने समजून घेतले. आपल्या मराठी बायबलात सुईला ‘नाक’ आहे, आम्ही दुकानात ‘नेढे’ म्हणतो, इंग्रजीत डोळा. ग्रीकमध्ये यातले काहीच नाही, साधे भोक. हे वचन तीन शुभवर्तमानांत आहे. मत्तय आणि मार्क सुईला जो शब्द वापरतात तो लूक वापरत नाही, त्याचा वेगळा आहे. दरवाजाचे नाव असते तर तिघांनी ते एकच लिहिले असते, नाही का?

मग त्याने तळाची एक नोंद दाखवली. काही उत्तरकालीन हस्तलिखितांत उंटाच्या जागी दोर आहे. उंट म्हणजे ‘कामेलॉस’, दोर म्हणजे ‘कामिलॉस’. पुढच्या काळात ग्रीक उच्चार बदलले आणि दोन्ही शब्द कानाला सारखेच लागू लागले. आपल्याकडे ‘दिन’ आणि ‘दीन’ यांचे होते तसेच. लिहिताना एका वेलांटीचा फरक आणि अर्थ कुठल्या कुठे. पाचव्या शतकातले अलेक्झांड्रियाचे बिशप सिरिल हेही दोरच म्हणतात. पण सिनाय आणि व्हॅटिकन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या चौथ्या शतकातल्या दोन्ही मोठ्या हस्तलिखितांत उंट आहे. “मावशी, नक्कल करणारा माणूस अवघड वाक्य सोपं करतो, सोपं वाक्य मुद्दाम अवघड करत नाही. म्हणून एकाच वाक्याच्या दोन पाठांत, म्हणजे दोन रूपांत, अवघड ते बहुतेक मूळचं.”

हे मला त्याने शिकवायची गरज नव्हती. कुणी जुना ब्लाउज सैल करायला आणला की मी आधी आतली बाजू उलटून बघते. उसवलेल्या शिवणीची भोके कापडात राहतात, त्यावरून मूळ माप कळते. आणि माणसे सैल करायलाच आणतात, घट्ट करायला क्वचित. शिवाय दोर घेऊन तरी काय साधले? गोणपाट शिवायच्या दाभणातूनसुद्धा सुतळी जाते, दोर जात नाही.

दरवाजाची गोष्ट तर दोराहूनही नवी. पहिल्या काही शतकांतल्या बायबलच्या भाष्यकारांना ती ठाऊक नाही, ती येते मध्ययुगात. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती पंडिताने जुन्या भाष्यांचे जे संकलन केले त्यात ती आहे. आज यात्रेकरू जेरुसलेमचा जो तट बघून येतात तो ऑटोमन सुलतान सुलेमानने सोळाव्या शतकात बांधलेला. येशूच्या काळचे शहर रोमनांनी इ.स. ७० मध्ये उद्ध्वस्त केले.

बाबिलोनच्या यहुदी रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) तालमुद या ग्रंथात अशीच म्हण आहे, तिथे सुईच्या नेढ्यातून हत्ती जातो. म्हणजे अशक्य गोष्टीसाठी आपल्या मुलखातला सर्वांत मोठा प्राणी घ्यायचा, ही त्या लोकांची बोलायची रीतच होती. त्या हत्तीसाठी अजून कुणी दरवाजा शोधलेला नाही.

आणि खरे तर हस्तलिखितांपर्यंत जायचीही गरज नाही, पुढचे वचन वाचले तरी पुरे. हे ऐकून शिष्य थक्क होतात आणि विचारतात, मग तारण होणार तरी कोणाचे? उंट गुडघे टेकून आत जाणार असता तर थक्क होण्यासारखे काय होते? येशूही ‘जरा वाका’ म्हणत नाही. माणसांना हे अशक्य आहे, असे म्हणतो.

श्रीमंतांना या वचनाने घाबरवावे असे माझे म्हणणे नाही. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती शिक्षकाने इ.स. २०० च्या सुमारास याच उताऱ्यावर एक अख्खे प्रवचन लिहिले. पैसा वाईट नाही, त्यात गुंतलेले मन वाईट, असा त्याचा अर्थ. पटो न पटो, पण त्यासाठी त्याने उंट लहान केला नाही की भोक मोठे केले नाही.

पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी, ही विनंती. जागा नसेल तर ‘अशी एक दंतकथा आहे’ एवढे चार शब्द तरी घालावेत.

पत्राखाली माझे नाव छापू नये. ते उपदेशक पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत आणि त्यांचा नवा झगा माझ्याकडेच शिवायला पडला आहे.

आपली,
एक वाचक,
अहिल्यानगर